तुमच्या क्लासमध्ये कोण नाहीये?

गिटार, कथक, स्केचिंग, नाटक... वीकएंडला काहीतरी क्रिएटिव्ह करणं आता फॅड राहिलेलं नाही, सवय झालीये. पण या क्लासेसच्या दारातून आत कोण येऊ शकतं आणि कोण दारातूनच परत जातं, हे कधी पाहिलंय?

सध्या जमाना वीकएंड क्लासेसचा आहे, बॉस! शुक्रवारी लॅपटॉप मिटला की शनिवारी सकाळी कथक, संध्याकाळी गिटार, रविवारी वॉटरकलर नाहीतर नाटकाचं वर्कशॉप. डेक्कन असो, दादर असो की ठाणे, असा एक क्लास प्रत्येकाच्या ओळखीचा असतोच. जुनी इमारत, खाली मेडिकलचं दुकान, बाजूनं अरुंद जिना, वर दारात चपलांचा ढीग आणि आतून येणारा तबल्याचा नाहीतर ‘वन टू थ्री फोर’चा आवाज. आठवडाभराचा शीण तिथे निघून जातो. सगळं कसं झकास!

पुढच्या वेळी गेलात की एक करा. जरा आजूबाजूला बघा. बॅचमध्ये वीस जण असतील, तर वीसच्या वीस जण जिना चढून आलेले असतात. सगळ्यांना सरांचे हात दिसत असतात, सगळ्यांना बाईंचं बोलणं ऐकू येत असतं. कुणी व्हीलचेअरवर नाही, कुणाच्या हातात पांढरी काठी नाही, कुणी खुणांच्या भाषेत गप्पा मारत नाही.

आता ऑफिस आठवा. बऱ्याच मोठ्या ऑफिसांत आज लिफ्टच्या बटणांवर ब्रेल असतं, व्हीलचेअर आत जाईल असं टॉयलेट असतं, स्क्रीन रीडर वापरून मेल्स उरकणारा एखादा सहकारी असतो. वेबसाइट अॅक्सेसिबल आहे की नाही हे तपासणं तर कित्येकांच्या कामाचाच भाग आहे. मग सोमवारी ज्याच्या शेजारी बसून तुम्ही डबा खाता, तो शनिवारी तुमच्या क्लासला का दिसत नाही? त्याला आवड नाही म्हणून? विचारलंय कधी?

गाणं त्यांचं, चित्र यांचं

पहिली अडचण जिन्याची नाहीच. ती जिन्याच्या आधी, आपल्या डोक्यात सुरू होते. आपण कलांचं वाटप इंद्रियांवरून करून टाकलंय. अंध मूल म्हटलं की त्याच्यापुढे पेटी नाहीतर तबला. कर्णबधिर मूल म्हटलं की त्याच्या हातात ब्रश. जन्मांध असलेल्या रवींद्र जैन यांचं उदाहरण तर आपल्या जिभेवर तयारच असतं. वरवर हे वाटप प्रेमळ वाटतं. पण त्याचा दुसरा अर्थ असा की अंध मुलीला मातीकाम किंवा नाच शिकायचा असेल तर ‘कशाला उगाच?’ आणि कर्णबधिर मुलाला ड्रम्स शिकायचे असतील तर लोक गालातल्या गालात हसणार. एखाद्या अंध मुलाला गाण्यात काडीचाही रस नसू शकतो, हे तर आपल्या गावीही नसतं.

हे वाटप किती पोकळ आहे ते बघायला शांतिनिकेतनात जाऊ. बिनोद बिहारी मुखर्जी यांची नजर जन्मापासूनच अधू होती. एका डोळ्यानं दिसायचंच नाही, दुसऱ्यानं जेमतेम. १९१९ साली कलाभवन सुरू झालं, त्याच वर्षी ते तिथे विद्यार्थी म्हणून दाखल झाले. इतक्या कमी नजरेच्या मुलानं चित्रकला शिकावी का, अशी शंका होतीच. पण त्याला बाहेर काढलं गेलं नाही. पुढे ते तिथेच शिकवायला लागले. सत्यजित राय त्यांचे विद्यार्थी. पन्नाशी ओलांडल्यावर मोतीबिंदूचं ऑपरेशन फसलं आणि उरलीसुरली दृष्टीही गेली. त्यानंतर बिनोद बिहारींनी काय केलं? कागद कापून चित्रं केली, हातानं चाचपत शिल्पं केली, १९७२ मध्ये कलाभवनाच्या भिंतीवर टाइल्सचं मोठं म्युरल केलं. आणि शिकवणं? तेही चालूच ठेवलं. राय यांनी त्याच वर्षी त्यांच्यावर ‘द इनर आय’ ही डॉक्युमेंटरी काढली. डोळे गेलेला माणूस चित्रकलेच्या कॉलेजात शिकवत होता, आणि कॉलेजला त्यात काही विचित्र वाटलं नाही, हा मुद्दा मला त्या म्युरलइतकाच मोठा वाटतो.

आणि आपल्या मुंबईतही पाहा ना. फोटोग्राफी म्हणजे तर डोळ्यांचीच मक्तेदारी. तरी पार्थो भौमिक यांनी २००६ पासून इथेच अंध मुलांच्या हातात कॅमेरा दिला आणि ‘ब्लाइंड विथ कॅमेरा’ उभं राहिलं. आवाज कुठून येतोय, ऊन गालाच्या कुठल्या बाजूला लागतंय, समोरची वस्तू किती हातांवर आहे, अशा गोष्टींवरून फ्रेम ठरवता येते.

अर्थात अशा गोष्टी वाचून आपण ‘वा! काय जिद्द!’ म्हणतो आणि पान उलटतो. जिद्दीच्या गोष्टी आपल्याकडे भरपूर आहेत. सतीश गुजराल वयाच्या आठव्या वर्षी ऐकणं गमावून बसले, तरी १९४४ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला आले आणि पुढे देशातले नामवंत चित्रकार झाले. सुधा चंद्रननं १९८१ च्या अपघातात पाय गमावला, जयपूर फूट लावून ती पुन्हा नाचली आणि स्वतःच्याच गोष्टीवरच्या सिनेमात हिरॉइन झाली. या माणसांबद्दल आदर आहेच. पण या सगळ्या गोष्टींत माणूस बदलतो, वर्ग बदलत नाही. आणि जे दारातून परत गेले, त्यांच्यावर कुणी सिनेमा काढत नाही.

एक नकार, सात वर्षं

परत पाठवलेल्यांपैकी एकाची गोष्ट मात्र रेकॉर्डवर आहे, कारण तो कोर्टात गेला.

पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट, म्हणजे आपली एफटीआयआय. प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० मध्ये सुरू झालेली. सिनेमाचं वेड असलेल्या प्रत्येकानं लॉ कॉलेज रोडवरून जाताना त्या गेटकडे एकदा तरी आशेनं पाहिलेलं असतं. २०१५ मध्ये एका तरुणानं इथल्या फिल्म एडिटिंगच्या पदव्युत्तर पदविकेसाठी अर्ज केला. निवडीत तो पुढेही आला. मग मेडिकल झाली आणि कळलं की त्याला रंगांधत्व आहे. संस्थेच्या नियमाप्रमाणे रंगांधत्व असलेल्या उमेदवारांना काही कोर्सेस बंद होते. एडिटिंग त्यातलंच एक. प्रवेश नाकारला गेला.

पोरगा पाटणा उच्च न्यायालयात गेला. तिथे दाद मिळाली नाही. मग सर्वोच्च न्यायालय. तिथे न्यायाधीशांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. स्वतःच रंगांवर प्रवचन देण्याऐवजी त्यांनी समिती नेमली. तिच्यात सिनेमातली जाणकार माणसं होती, तशी नेत्रतज्ज्ञही. समितीसमोरचा प्रश्न साधा होता. एडिटर नक्की करतो काय? कट कुठे मारायचा, शॉट किती वेळ ठेवायचा, गोष्टीची लय कशी सांभाळायची, हे त्याचं काम. रंगांचं शेवटचं काम कलरिस्टचं. मग एडिटरला रंग ओळखता येत नाहीत म्हणून त्याला बाहेर का ठेवायचं? समितीतल्या बहुतेकांचं मत पडलं की रंगांधत्व असलेल्यांना सगळ्या कोर्सेसना प्रवेश द्यावा. एडिटिंगच्या कोर्समध्ये कलर ग्रेडिंगचा जो भाग आहे तो काढावा नाहीतर ऐच्छिक करावा. १२ एप्रिल २०२२ ला न्यायालयानं निकाल दिला, त्याचा आशय असा: सिनेमा हा अनेकांनी मिळून करायचा उद्योग आहे, एखाद्या गोष्टीत कमी पडणाऱ्याला दुसऱ्याची मदत घेता येते, आणि अशा माणसांना दारातच अडवलं तर नुकसान कलेचंच होतं.

२०१५ ते २०२२. सात वर्षं. ज्या वयात माणूस पहिला शॉर्टफिल्मचा ड्राफ्ट कापतो, मित्रांच्या खोलीवर रात्रभर बसून दुसरा कापतो, ते सगळं वय तारखांमध्ये गेलं. (तिकडे ‘इन्सेप्शन’वाला ख्रिस्तोफर नोलन. त्यालाही लाल-हिरव्याचं रंगांधत्व आहे. त्याची मेडिकल कुणी केली नाही, हे आपलं नशीब!)

आता खरी गंमत. रंगांधत्व हे कायद्याच्या यादीतलं अपंगत्व नाहीच. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, त्यात ते नाही. तरी ही केस प्रत्येक कला शिकवणाऱ्यानं वाचावी अशी आहे. कारण समितीनं जे केलं, तेच प्रत्येक वर्गात करता येतं. हा कोर्स मुळात काय शिकवतो आणि त्यातलं काय नुसतं सवयीनं चालत आलंय, हे दोन वेगळे ढीग करायचे. पहिल्या ढिगाला हात लावायचा नाही. दुसरा खुशाल बदलायचा. तेवढ्यानं सगळ्यांना सगळं जमेल असं नाही. कलर ग्रेडिंगचाच कोर्स असेल तर रंगांधत्व हा खरोखरच प्रश्न आहे. पण प्रत्येक कोर्स कलर ग्रेडिंगचा नसतो.

दुसऱ्या ढिगात काय काय निघतं?

भरपूर निघतं! सुरुवात चित्रकलेच्या वर्गापासून करू. सर काय करतात? बोर्डावर चित्र काढता काढता बोलत राहतात. ‘हे बघा, इथे वॉश पसरलाय, आता कागद ओला आहे तोवरच दुसरा रंग सोडायचा...’ ऐकू येणाऱ्याला हे छान जमतं, डोळे हातावर आणि कान शब्दांवर. कर्णबधिर विद्यार्थ्याला मात्र दोन्ही डोळ्यांनीच करायचंय. तो सरांच्या ओठांकडे किंवा दुभाष्याकडे बघेल, तोवर वॉश वाळून गेलेला! यावर उपाय काय? आधी बोला, मग थांबा, मग हात चालवा. झालं. एक पैसा खर्च नाही. उलट बाकीच्यांनाही वॉश जास्त नीट कळतो. दुसरी सवय म्हणजे कलेच्या इतिहासाचा तास. स्लाइड्स दाखवायच्या म्हणून दिवे बंद. अंधारात दुभाषी दिसत नाही, सरांचे ओठही दिसत नाहीत. कोपऱ्यातला एक दिवा चालू ठेवला की काम भागतं.

खुणांच्या भाषेची आणखी एक गोष्ट आहे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्रानं २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा कोश काढला, २०२१ पर्यंत तो १०,००० वर गेला. पण वर्गातली भाषा वर्गातच घडते. ‘टोन’, ‘टेक्स्चर’, ‘ठेहराव’ या शब्दांसाठी काय खूण करायची हे शिक्षक, दुभाषी आणि विद्यार्थी यांनी टर्म सुरू व्हायच्या आधी तासभर बसून ठरवून टाकलं, तर वर्षभराची डोकेदुखी वाचते.

हातांची पकड कमी असेल तर ब्रशच्या दांड्यावर फोमची नळी चढवता येते. सायकलच्या हँडलची ग्रिपसुद्धा चालते! कागद सरकत असेल तर खाली रबरी मॅट किंवा चारी कोपऱ्यांना टेप. आर्ट कॉलेजात ज्या बुटक्या बाकाला ‘डाँकी’ म्हणतात, त्यावर पाय दोन्हीकडे टाकून बसावं लागतं. ते कित्येकांना शक्य नसतं. तिथे टेबलावर ठेवायचा इझल द्यायचा, बस. अंध विद्यार्थ्यासाठी रबरी मॅटवर खास प्लॅस्टिकचा पातळ कागद ठेवतात. त्यावर बॉलपेन दाबून ओढलं की रेघ वर उठते आणि बोटांना लागते. म्हणजे आपण काढलेली रेघ आपल्यालाच लगेच तपासता येते. रेखाटन म्हणजे तेच तर!

नाचाचा वर्ग घ्या. कर्णबधिर मुलीला कथक? लगेच भुवया वर. पण आपल्याकडची तालाची पद्धत मुळातच डोळ्यांना दिसणारी आहे. समेवर टाळी, खालीला हात बाजूला, मात्रा बोटांवर. हे कुणी अपंगांसाठी शोधून काढलेलं नाही, शेकडो वर्षं चालत आलंय. पढंत करताना बाईंनी तोंड आणि हात विद्यार्थ्यांकडे ठेवले की निम्मं काम होतं. पंचाईत होते ती बाई आरशाकडे तोंड आणि आपल्याकडे पाठ करून उभ्या राहतात तेव्हा. लाकडी फ्लोअर असेल तर तबल्याची थाप पायांतूनही वर येते, फरशीवर ती तितकी येत नाही. पण श्रवणयंत्र लावणाऱ्यांचा प्रश्न वेगळाच आहे. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो आणि यंत्र तो सगळा गोंगाट कानात ओततं. तिथे आवाज वाढवून उपयोग नाही, जाड पडदे लावले तर फरक पडतो. म्हणून ‘कर्णबधिरांसाठी अमुक करा’ असा एकच फॉर्म्युला नाहीये. समोरच्याला विचारायचं, सिंपल.

नाटकाच्या वर्कशॉपमधला मिरर एक्सरसाइज केलाच असेल. दोघं समोरासमोर, एकानं हात हलवायचा, दुसऱ्यानं आरशासारखं तसंच करायचं. गटात अंध मुलगा असेल तर त्याला काय, बाकावर बसवायचं? तो व्यायाम खरं तर समोरच्याची हालचाल जाणून तिच्या मागे जाण्याचा आहे. तळव्याला तळवा लावून केला तर तो तितकाच चांगला होतो. आणि ज्यांनी डोळे मिटून करून पाहिलाय त्यांना विचारा, उलट जास्तच अवघड होतो! स्वागत थोरात यांनी अंध कलाकारांना घेऊन मराठीत नाटकं बसवली आहेत. २००८ मध्ये ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेलमधलं मराठी पाक्षिक काढणारे ते हेच. म्हणजे अंध नट रंगमंचावर वावरू शकतो का हा प्रश्न आपल्याकडे केव्हाच निकालात निघालाय. उरलाय तो तालमीच्या शिस्तीचा प्रश्न. सेटवरची खुर्ची रोज त्याच जागी हवी, पायाखाली चटई बदलली की जागा कळावी, आणि कुणी गुपचूप टेबल हलवू नये.

ऑटिझम असलेल्यांसाठी तर कित्येकदा एवढंच पुरतं की आज काय होणार ते आधी सांगायचं आणि घुंगरांचा कल्ला असह्य झाला तर दहा मिनिटं बाहेर बसायची मुभा द्यायची. ‘शिस्त बिघडते’ म्हणून ती न देणारे क्लासवाले पाण्याच्या ब्रेकला वीस मिनिटं घेतात, तो भाग वेगळा.

लेखी पेपर आणि फॉन्टची भानगड

संगीताचा वर्ग तरी अंध विद्यार्थ्यांना सोपा असेल? गळ्याचा भाग असेल. पण आपल्याकडे संगीत म्हणजे परीक्षाही. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद! यात एक विलक्षण गोष्ट दडलीये. संगीताचं शाळेसारखं, सगळ्यांना खुलं शिक्षण आपल्याकडे रुजवलं ते पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी. कुरुंदवाडच्या या मुलाचे डोळे लहानपणी फटाक्यानं दुखावले होते. नेहमीचं शिक्षण अवघड झालं म्हणून तो मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला गेला, आणि १९०१ मध्ये लाहोरला त्यानं गांधर्व महाविद्यालय काढलं. ज्यांच्या डोळ्यांना इजा झाली होती त्यांनी सुरू केलेली ही परंपरा पुढे कागद, नोटेशन आणि लेखी पेपरवर उभी राहिली.

स्वरलिपीत कोमल स्वराखाली रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, तार सप्तकाला वर टिंब, मंद्राला खाली टिंब. पुस्तक स्कॅन करून पीडीएफ पाठवली तर स्क्रीन रीडरला ते निव्वळ चित्र. काहीच वाचता येत नाही. क्लासच्या टाइप केलेल्या नोट्सही पुष्कळदा जुन्या मराठी फॉन्टमधल्या असतात. स्क्रीनवर आपल्याला ‘यमन’ दिसतं, स्क्रीन रीडर मात्र भलतंच काहीतरी बडबडतो, कारण ते युनिकोड नाही. ब्रेलमध्ये संगीत लिहिता येतं बरं का. लुई ब्रेल स्वतः चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, आणि १८२९ मध्ये त्यानं आपली लिपी पहिल्यांदा छापली तेव्हा पुस्तकाच्या नावातच शब्दांबरोबर संगीतही होतं. पण नोट्स ब्रेलमध्ये हव्यात तर आधी त्या धड टाइप केलेल्या हव्यात. इथे तुमच्याआमच्यासारख्या ऑफिसवाल्यांना खरंच काम आहे. दोन शनिवार बसून क्लासच्या नोट्स युनिकोडमध्ये टाइप केल्या, कोमल-तीव्र शब्दांत लिहिलं, तर पुढच्या कित्येक बॅचेसना त्या वापरता येतील.

लेखनिक व्हायलाही आपल्यातले बरेच जण जातात. चांगलंच आहे. फक्त संगीताच्या पेपरला जाणार असाल तर स्वरलिपीच्या खुणा आधी शिकून जा. विद्यार्थी ‘कोमल निषाद’ सांगतोय आणि लेखनिक ‘निषाद म्हणजे ‘नी’ ना हो?’ विचारतोय, यात पेपरची वेळ जाते.

चित्रकलेच्या परीक्षेलाही तोच चाळणीचा प्रश्न लावून बघा. एलिमेंटरी, इंटरमीजिएट शाळेत कुणी दिली नाही? स्मरणचित्राला ठरलेला विषय, बाजारातला प्रसंग. यातून काय तपासायचंय? मुलानं बाजार अनुभवलाय का, तो आठवून मांडता येतो का. व्हीलचेअरवरून दिसणारा बाजार कोपरांच्या आणि पिशव्यांच्या उंचीवरचा असतो. अंध मुलाचा बाजार भाज्यांच्या वासांचा आणि पायाखालच्या चिखलाचा. तो मातीत मांडला तर स्मरणचित्राचा कुठला नियम मोडला? मला तरी दिसत नाही.

रॅम्प आहे हो, पण कुठे?

जिन्याबद्दल बोलायचं राहिलंच होतं. नियम सोपा आहे. एक फूट चढायला किमान बारा फूट उतार, म्हणजे १:१२. दारातली सहा इंचांची एकच पायरी असेल तरी सहा फुटांचा रॅम्प लागतो. त्याहून तीव्र उतार म्हणजे घसरगुंडी! दार साधारण ९० सेंटीमीटर रुंद हवं आणि आत व्हीलचेअर वळायला दीड मीटरचं वर्तुळ मोकळं हवं. जुन्या इमारतीतल्या पहिल्या मजल्यावर हे जमणार नाही, मान्य. लिफ्ट बसवायचा खर्च महिन्याच्या फीवर क्लास चालवणाऱ्या बाईंना झेपणारा नाही, तेही मान्य. मग एक बॅच तरी खालच्या मजल्यावर घेता येईल? जवळच्या शाळेचा तळमजल्यावरचा वर्ग रविवारी रिकामाच असतो की.

मोठ्या संस्थांना मात्र ही सवलत देऊ नये. २०१६ च्या कायद्यानं सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. सरकारी अनुदानित आणि मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांनी इमारत आणि परिसर सगळ्यांना वापरता येईल असा ठेवावा, प्रत्येकाच्या गरजेनुसार सोय करावी, असंही त्यात आहे. शिवाय एक कलम २९ आहे, ते फारसं कुणी वाचत नाही. त्यात सरकारला आणि स्थानिक संस्थांना सांगितलंय की कला आणि संस्कृतीविषयक अभ्यासक्रमांची रचनाच अशी बदला की अपंग व्यक्तींना त्यात भाग घेता येईल. नीट वाचा. ‘विद्यार्थ्याला सवलत द्या’ नाही, ‘कोर्स बदला’. आणि ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सार्वजनिक जागांच्या सुगम्यतेबाबत सांगितलं की नियम नुसते शिफारशीवजा असून चालणार नाहीत, किमान निकष बंधनकारक हवेत. गल्लीतला क्लास कलम १६ मधल्या शिक्षणसंस्थांत मोडत नाही. पण कायद्यानं अडवलं नाही म्हणजे फोनवर ‘आमच्याकडे जमणार नाही’ सांगून मोकळं व्हावं असंही नाही.

तो फोन आपणच का करू नये? क्लास शोधताना आपण फी विचारतो, बॅच विचारतो, पार्किंग विचारतो. त्यात एक वाक्य वाढवायचं: ‘माझा एक मित्र व्हीलचेअर वापरतो, तो येऊ शकेल का?’ मित्र असो वा नसो! असे दहा फोन आले की क्लासवालेही विचार करायला लागतात. धंदा आहे शेवटी.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो कार्यक्रमाच्या दिवशी. वर्षभर खालच्या मजल्यावर क्लास घेतला, कोर्स बदलला, सगळं केलं. मग डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंगसाठी हॉल बुक होतो. प्रेक्षागृहात व्हीलचेअरसाठी जागा असते, छान पाटीही असते. आणि रंगमंचावर जायला? बाजूनं सहा पायऱ्या. ग्रीनरूमला आणखी चार. म्हणजे अपंग माणूस प्रेक्षक म्हणून येणार हे हॉल बांधणाऱ्याला सुचलं, कलाकार म्हणून येईल हे सुचलंच नाही. मग ऐनवेळी चार पोरं त्या मुलीला खुर्चीसकट उचलून वर ठेवतात, टाळ्या पडतात आणि ती बिचारी नाचाआधीच अवघडून जाते.

तुमच्या क्लासचा हॉल अजून ठरायचा असेल तर बुकिंगला जाणाऱ्यांबरोबर तुम्हीही जा. पुढून हॉल बघून झाला की मागची बाजू उघडून दाखवायला सांगा. नाटकांचे सेट आणि लाइट्स आत घ्यायला बऱ्याच थिएटर्सना मागे मोठं दार असतं. त्या दारापासून रंगमंचापर्यंत मध्ये किती पायऱ्या आहेत ते मोजा, टेप असेल तर उंचीही घ्या, आणि मगच अॅडव्हान्स भरा.